वाळकाचं वाण

शितोळेबाई लिफ्टपाशी दिसल्या की आम्ही भाजीची पिशवी पाठीमागे धरायचो. उपयोग नसे. "बघू, काय आणलंत," म्हणत त्या डोकावायच्या आणि तोंड वाकडं करायच्या. "बटाटा, कोबी, फ्लॉवर. मागच्या आठवड्यात काय होतं? फ्लॉवर, कोबी, बटाटा. अहो, शेळीसुद्धा चरताना याहून जास्त प्रकार खाते."

बाई शाळेत गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. माहेर इथलंच, मांजरी गावातलं; आमची सोसायटी उभी आहे ती त्यांच्या वडिलांच्या शेतावर. आधी उसाने बांधावरचा माठ, अंबाडी, चवळी घालवली आणि मग आम्ही ऊस घालवला, असं त्या आम्हाला तोंडावर सांगत. मागच्या भिंतीलगत त्यांनी ते सगळं पुन्हा लावलं होतं. माझं हिमोग्लोबिन उतरलं तेव्हा दाराला रोज पाल्याची जुडी अडकवलेली असे. "डॉक्टरांच्या गोळ्या घ्याच. पण ताटालाही थोडं काम करू द्या."

त्यांचा खरा जीव वाळकाच्या वेलात. वाळूक म्हणजे काकडीचंच भावंड, बुटकं, जाड, जरा आंबूस. आमच्या मंडईत ते कधीच दिसत नाही. बी त्यांच्या आईकडून आलेलं. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून त्यांनी प्रत्येकीला त्याची पुडी दिली. उरलेलं सगळं पावसाळ्याच्या तोंडाशी पेरलं आणि चांगली फळं बियांसाठी वेलावरच पिकू दिली.

गणपतीच्या आदल्या दिवशी बाई लेकीकडे कोथरूडला गेल्या आणि कमिटीने मंडपासाठी मागची जागा साफ करून घेतली. त्या परतल्या तोवर सगळं घंटागाडीत गेलं होतं.

"नुसतं रान माजलं होतं हो," सेक्रेटरी म्हणाले. "काकड्यासुद्धा पिवळ्या पडलेल्या."

"बियांची काकडी पिवळीच पडते," बाई म्हणाल्या. एवढंच. मला मात्र त्या माणसाचा असा संताप आला की विचारू नका.

मग बाई दारोदार वाणाची पुडी परत मागत फिरल्या. मी बरोबर होते. माझ्या कुंडीतले कोंब कबुतरांनी केव्हाच खुडले होते. बऱ्याच जणींना पुडी आठवेचना. चौथ्या मजल्यावरची, हिंजवडीला नोकरी करणारी मुलगी उत्साहाने म्हणाली, "काकू, ते सीड्स ना? आम्ही रोस्ट करून सॅलडवर टाकले. एकदम क्रंची!"

"बरं केलंस," बाई म्हणाल्या. "पोटात तरी गेलं."

ऋषिपंचमीला सकाळी त्यांच्या दारात बायका हजर. "बाई, ऋषीच्या भाजीला थोडा माठ, अळू, अंबाडी द्या ना." वर्षातून एकदा आम्हाला या भाज्यांची आठवण होते, तीही अशी.

"मंडपात सतरंजीखाली आहे. घ्या खुडून," म्हणून बाईंनी दार लावलं.

"स्वभावच तसा त्यांचा," म्हणत बायका हसत जिना उतरल्या. मग कोणीतरी दुकानातून चिरलेल्या भाजीची पाकिटं आणली. त्यात निम्मा बटाटा होता.

बाई आता पिशवीत डोकावत नाहीत. मी परवा मुद्दाम उघडी धरली, तर "चालू द्या," म्हणून लिफ्टमध्ये शिरल्या.

यंदाच्या संक्रांतीला त्यांनी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटले. रिकामे. "किती उपयोगाचं वाण!" सगळ्याजणी म्हणाल्या.

माझ्या हातात डबा देताना बाई हळूच म्हणाल्या, "हा मात्र सगळ्याजणी जपून ठेवतील."