मालसुकच्या मुलीने काढलेलं जावळ

मालसुकने तो फॉर्म भरला तेव्हा मी तिच्या सलूनमध्ये डोक्याला केस कुरळे करायच्या पर्मचे अठ्ठावीस रूळ लावून बसले होते, त्यामुळे उठून जाणं शक्यच नव्हतं. नाहीतर मी या भानगडीची साक्षीदार झालेच नसते.

आमच्या कोरियातल्या गुन्सान गावच्या चर्चमधली तरुण मुलं दर उन्हाळ्यात दहा दिवस परदेशी सेवेला जातात. त्या वर्षी मंगोलिया ठरलं होतं. जागा चौदा. दात तपासणारे, मुलांची बायबलशाळा घेणारे, फुग्यांची कुत्री-मांजरं करणारे, तायक्वांदो करून दाखवणारे, आणि स्वयंपाकाला मी. तेरा जागा भरल्या होत्या. चौदावी केस कापणारीची. दरवर्षी जाणाऱ्या बाईंचं मनगट मोडलं होतं आणि मालसुकच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं.

"नाव, बोमी," मालसुक मोठ्याने बोलत लिहीत होती. "वय, वीस. अनुभव..." इथे पेन थांबलं.

"अगं, तुझ्या बोमीने आयुष्यात कोणाची एक बट तरी कापलीय का?"

"सहा वर्षं," मालसुकने लिहून टाकलं. "सहा वर्षं या दुकानात झाडू मारतेय. केसांतच वावरली ना?"

"मालसुक, चर्चचा फॉर्म आहे तो."

"मग तू सांग काय करू! दोनदा प्रवेशपरीक्षेत नापास झाली. चार महिने खोलीतून बाहेर नाही. तळलेली कोंबडी मागवते आणि हाडं दाराबाहेर ठेवते. मी आई आहे की हॉटेलातला पोऱ्या? तिला त्या खोलीतून काढायला देवाने हा एक कागद पाठवलाय, तोही मी सोडू?"

माझे रूळ तापले होते. मी गप्प बसले. ती माझी चूक.

पुढच्याच रविवारी मंडळीचे वडीलधारे आणि आमच्या तुकडीचे प्रमुख ग्वाक सर व्यासपीठावरून म्हणाले, "चौदावी जागाही प्रभूने भरली. आपल्या महिला मंडळाच्या अध्यक्षांची कन्या बोमी. कात्रीबरोबरच मोठी झालेली मुलगी!" सर शाळेत उपमुख्याध्यापक होते. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या कर्तबगारीची बातमी बोमीला तेव्हाच कळली. तिने आईकडे पाहिलं. मालसुक मन लावून गीताचं पान शोधत होती.

मग दहा दिवस सलूनचं शटर पडल्यावर आत प्लास्टिकच्या मुंडक्यावर शिकवणी चालली.

"एकच शीक," मालसुक सांगायची. "कानाखाली सरळ रेघ, कपाळावर सरळ रेघ. बाई असो, बाप्या असो, पोर असो, सगळ्यांना तेच. विचारलं तर सांगायचं, कोरियात सध्या हीच फॅशन आहे."

"आणि रेघ सरळ आली नाही तर?"

"तर थोडं वर कापायचं."

विमानतळावर तिने बोमीला मिठी मारली. लोकांना वाटलं, रडते आहे. मी शेजारीच उभी होते, म्हणून ऐकू आलं. "हे उघडं पडलं तर मला मंडळात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. बारा वर्षं अध्यक्ष आहे मी."

"मग लिहिलंस कशाला?"

"तू हाडं बाहेर ठेवत होतीस म्हणून."

मंगोलियात आमचा मुक्काम गवताळ माळावर होता. दहा-बारा गोल तंबू, शेकडो मेंढ्या, आणि नारिंगी टी-शर्टातले आम्ही चौदा जण. तिथल्या चर्चची नोमिन आमची दुभाषी. ती तीन वर्षं कोरियात कारखान्यात होती, त्यामुळे आमच्या शिव्यासुद्धा तिला समजायच्या. सरांनी शिट्टी फुंकली, आम्ही रांगेत उभे राहिलो, प्रार्थना झाली, आणि बोमीच्या स्टुलावर पहिलं गिऱ्हाईक येऊन बसलं. आमचा ड्रायव्हर दोर्ज. खांद्यापर्यंत काळेभोर, दाट केस. माळावरच्या मुली त्याच्याकडे वळून बघायच्या.

बोमीने डावीकडे रेघ मारली. ती जरा वर गेली. म्हणून उजवीकडे वर कापलं. आता डावीकडचं खाली दिसायला लागलं. अशी दोन्ही बाजूंना न्याय देता देता पंधरा मिनिटांनी दोर्जच्या डोक्यावर पातेल्याचं झाकण तेवढं उरलं. त्याने आरसा हातात घेतला. बराच वेळ पाहिलं. मग "आभारी आहे" म्हणून टोपी घातली आणि त्या उन्हात पुढचे दोन दिवस काढली नाही.

बोमी पळत माझ्या चुलीपाशी आली आणि पोट धरून खाली बसली. मला कळेना, रडतेय की हसतेय.

"काकू, तो मला आभारी आहे म्हणाला!"

"अगं, हळू. सर ऐकतील."

"काकू, मागून बघितलंत का? मागून?"

मी बघितलं होतं. मग मलाही आवरेना. तांदळाच्या पोत्याआड आम्ही दोघी तोंडात पदर कोंबल्यासारख्या ॲप्रन कोंबून हसलो. चार महिन्यांत त्या मुलीच्या तोंडून हसू निघालं नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

दुसऱ्या दिवशीपर्यंत माळावर नऊ जण सारख्या डोक्याचे झाले. लांबून एकाच आईची मुलं वाटायची. सरांना शंका आली.

"बोमी, काल येऊन गेलेलं एकही माणूस आज पुन्हा फिरकलं नाही."

"सर, केस इतक्या लवकर वाढत नाहीत."

तिसऱ्या दिवशी सकाळी एक चिमुरडी आपण होऊन स्टुलावर चढून बसली. पाठीपर्यंत मऊ केस, त्यावर लाल फीत, हातात वाळवलेल्या दह्याचा खडा. तो चोखत ती अगदी शांत बसली. कपाळावरची रेघ पहिल्या फटक्यात सरळ आली. अगदी पट्टीने आखल्यासारखी!

"काकू! काकू, बघा तरी!" ती ओरडली. मी डाव हातात घेऊनच गेले. खरंच सुंदर रेघ होती. आम्ही दोघींनी टाळी दिली.

तेवढ्यात त्या पोराची आई दुधाची चरवी घेऊन तंबूमागून आली. तिने आधी चरवी नीट जमिनीवर ठेवली, झाकण लावलं आणि मग किंकाळी फोडली.

सगळा माळ गोळा झाला. नोमिनचा चेहरा पांढरा पडला होता. "हा मुलगा आहे, ताई. बिल्गून. याचं जावळ होतं ते. जन्मापासून कात्री लागलेली नव्हती. पुढच्या महिन्यात मामा येणार होते, सगळे नातेवाईक एकेक बट कापणार होते."

बोमी गवतात बसून केस वेचायला लागली. वाऱ्याने अर्धे मेंढ्यांकडे नेले होते. बिल्गूनला वाटलं, खेळ आहे. तोही उतरून वेचू लागला.

ग्वाक सर आले. "सहा वर्षांच्या अनुभवी मुलीला, कापण्याआधी आईबापांना विचारावं, एवढंसुद्धा..."

"सहा वर्षं नाही, सर." बोमी उठून उभी राहिली. मुठीत केस होते. "दहा दिवस. तेही प्लास्टिकच्या मुंडक्यावर. मला केस कापता येत नाहीत. फॉर्म मी भरला. खोटं मी लिहिलं. आईला यातलं काही माहीत नाही."

मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की थेट मालसुकच आठवली. "काकू, तुमचा भात लागेल," ती म्हणाली.

सवयीने नोमिनने हे सगळं मंगोल भाषेतही सांगून टाकलं, भातासकट. मग बिल्गूनचे आजोबा ओचिर पुढे झाले, दोर्जपाशी गेले आणि त्याच्या डोक्यावरची टोपी उचलली.

आधी एक म्हातारी हसली. मग तिची सून. मग बाया एकमेकींना धरून हसायला लागल्या, मुलं गवतात लोळली. पोराची आई रागाने लाल झाली होती, तिलाही हसू फुटलं.

"मुलीचे हात कोरे, नातवाचं डोकं कोरं," ओचिर आजोबा म्हणाले. "जमलं की."

"आणि मी कोण?" दोर्जने विचारलं.

"तू सराव."

पण जावळ मुलाचं असेल तर वय विषम लागतं, आणि बिल्गून कागदोपत्री चार वर्षांचा. आजोबांनी त्यात पोटातलं एक वर्ष धरलं. झाली पाच. हा हिशोब आमच्याकडे मोठी माणसं अजून करतात, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी बोमीला बारा प्राण्यांच्या चक्रातलं जन्माचं वर्ष विचारलं. मेंढीचं निघालं. पोराचं डुकराचं. मेंढी आणि डुकराचं उत्तम जुळतं म्हणे. म्हणजे पहिली बट कापायला याहून चांगला माणूस पंचांग उघडूनही मिळाला नसता.

"हे असलं वर्षांचं खूळ आपल्यात चालत नाही," ग्वाक सर कडक आवाजात म्हणाले.

"बरोबर आहे. सर, तुमचं वर्ष कोणतं हो?" मी विचारलं.

"कुत्रा," सर ताडकन म्हणाले आणि जीभ चावली.

"आणि मामा? मामा तर पुढच्या महिन्यात येणार," पोराची आई म्हणाली.

"आज जे हजर ते मामा आणि मावश्या," आजोबांनी निकाल दिला. आम्ही चौदाच्या चौदा जण पोराचे मामा-मावश्या झालो.

तासाभरात तंबूत ताटं लागली. कात्रीला निळं रेशमी वस्त्र बांधलं. बिल्गून हातात पिशवी घेऊन प्रत्येकापुढे जाऊन उभा राहायचा. समोरच्याने एक बट कापायची, पिशवीत टाकायची, आशीर्वाद द्यायचा आणि भेट द्यायची. दोर्जने कोकरू दिलं. दातवाल्यांनी ब्रश दिला. फुगेवाल्यांनी जिराफ दिला, तो लगेच फुटला, मग दुसरा दिला. मी समुद्रशेवाळाची पाकिटं दिली. कोणीतरी त्याला नारिंगी टी-शर्ट घातला, तो त्याच्या घोट्यापर्यंत आला.

ग्वाक सरांना मानाने पाटावर बसवलं होतं आणि वाडगा भरभरून घोडीचं दूध दिलं जात होतं. "ताकासारखं लागतं. पचायला हलकं असेल," म्हणत त्यांनी तीन वाडगे संपवले. ते दूध आठवडाभर आंबवलेलं असतं आणि चांगलं चढतं, हे नोमिनने मला कानात सांगितलं. मी सरांना सांगितलं नाही. एका दिवसात एक कबुली पुरे असते. त्यांची पाळी आली तेव्हा ते उठले, पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. सरांची प्रार्थना एरवी अर्धा तास चालते. इथे फक्त म्हणाले, "प्रभू, या पोराला सुखात ठेव. आणि कापणारीलाही." मग एक बट कापली, डोळे पुसले, आणि भेट म्हणून गळ्यातली शिट्टी काढून पोराच्या गळ्यात घातली.

त्याचा परिणाम असा झाला की उरलेले सगळे दिवस बिल्गून, डोकं पार तासलेलं, टी-शर्ट घोट्यापर्यंत, वाटेल तेव्हा शिट्टी फुंकायचा आणि आम्ही सवयीने धावत येऊन रांगेत उभे राहायचो.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं धरून का होईना, सर मुद्द्यावर आलेच. "बोमी, मंडळीसमोर खोटं झालं आहे. परत गेल्यावर रविवारी साक्ष देताना मंडळीसमोरच सांगावं लागेल."

"सांगेन, सर."

परतीच्या विमानात मी तिला म्हटलं, "खरं ते सांग. फॉर्म आईने भरला. मी बघितलंय."

"नको, काकू. ती बारा वर्षं अध्यक्ष आहे. मी दोनदा नापास आहे. माझ्या नावावर आणखी एक खपून जाईल." आणि खिडकीला डोकं टेकवून झोपली.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. मालसुक तिसऱ्या रांगेत, गुडघ्याशी काठी, मी शेजारी. बोमी पुढे उभी राहिली. पडद्यावर एकेक फोटो येत होता. तिने सगळं सांगितलं. प्लास्टिकचं मुंडकं, गवतातले केस, कोरे हात. लोक हसून हसून बेजार झाले. दोर्जचं डोकं मागून पडद्यावर आलं, भिंतभर. शेजारी मालसुकने "देवा!" म्हणून डोळे मिटले.

मग बोमी म्हणाली, "अनुभवाचं खोटं मी लिहिलं. मंडळीची मी क्षमा मागते. आईला काही माहीत नव्हतं."

हसणं थांबलं. मागच्या रांगेत कुजबुज झाली. दोनदा नापास झालेली ती हीच, एवढं मला ऐकू आलं, म्हणजे मालसुकलाही आलं असणार. मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती पर्स उघडत होती, बंद करत होती, उघडत होती.

काठी फरशीवर खाडकन आपटली. मालसुक उभी राहिली.

"फॉर्म मी भरला," ती म्हणाली. "अक्षर बघा, माझं आहे. पोरगी माझ्यासाठी खोटं बोलतेय. आणि ही," तिने काठीने मला दाखवलं, "ही तेव्हा पर्मला बसली होती. तिला सगळं माहीत आहे."

चारशे डोळे माझ्या पर्मवर आले. मी मान डोलावली. दुसरं काय करणार!

पुढे बोमी तोंडावर हात धरून उभी होती, पुन्हा कळेना रडतेय की हसतेय.

"अध्यक्षपद घ्या काढून," मालसुक पुढे म्हणाली. "पण त्या दोर्जचं डोकं मला बघवत नाही. पुढच्या वर्षी मी जाते. सगळ्यांचे केस मी नीट करून येते. आणि मी नसेन तेव्हा दुकान बोमी बघेल."

महिला मंडळाच्या साठ बायका, सगळ्या मालसुकच्याच हातच्या पर्मवाल्या, एका सुरात ओरडल्या, "नको गं बाई!"