कळंबोलीचा ळ

माझ्या साडूभाऊंनी मला जितक्या वेळा खाली मान घालायला लावली, तितक्या वेळा माझ्या शाळेतल्या सगळ्या मास्तरांनी मिळूनही लावली नसेल. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांचा पाइपांचा गाळा आहे. मूळ गाव साताऱ्याकडचं, आवाज ट्रकच्या हॉर्नला उत्तर देणारा, आणि नाद लिनक्सचा. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटातली सिस्टीम. तिचा सोर्स कोड, म्हणजे आतलं सगळं लिखाण, कुणालाही वाचता येतं आणि जगभरची माणसं तिचा एकेक तुकडा पोटच्या पोरासारखा सांभाळतात. अशा तुकड्याला पॅकेज म्हणतात. साडूभाऊंकडे मराठी अक्षरांच्या एका फॉन्टचं पॅकेज आहे. त्यातून त्यांना काही मिळत नाही. पण पाइपांचा भाव विचारायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी फॉन्ट दाखवतात.

"काय बदललंय ते वाचल्याबिगर अपडेट दाबायचं न्हाई," हे त्यांचं तत्त्व. ते कॉम्प्युटरपुरतं राहिलं असतं तर मी सुखात जगलो असतो. जुईनगरच्या आमच्या डॉक्टरांनी त्यांची रक्तदाबाची गोळी बदलली, तर हे भरल्या दवाखान्यात विचारतात, "जुन्या गोळीत काय खोट निघाली ते सांगा, मग नवी घेतो." आमच्या सोसायटीची लिफ्ट दुरुस्त झाली, तेव्हा काय काय बदललं ते कारागीर सांगेपर्यंत ह्यांनी दार अडवून धरलं. आत मी होतो, आणि माझ्या शेजारी सेक्रेटरीच्या सासूबाई. पण कहर झाला कोपरखैरण्यात, माझ्या मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत. मुलाच्या वडिलांच्या मोबाइलवर अपडेटची सूचना आली, त्यांनी सवयीने बोट पुढे केलं आणि साडूभाऊ गरजले, "थांबा!" पोह्यांची बशी थेट व्याह्यांच्या मांडीवर. मी जमिनीकडे बघत बसलो, आणि बायको माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू तिच्या बहिणीचं लग्न मीच जमवलं होतं.

बाजारातल्या त्यांच्या गल्लीत त्यांनी गाळ्या-गाळ्यावर जाऊन लिनक्स बसवून दिलं होतं. "चोरीची सिस्टीम वापरता, लाज न्हाई वाटत?" असं दरडावून. मालाबरोबर जाणारी चलनंही मराठीत छापायला लावली. त्यांनी फॉन्टचं अपडेट सोडलं की ते सगळ्या गाळ्यांवर आपोआप उतरायचं. मागच्या उन्हाळ्यात असंच एक उतरलं आणि त्यातून ळ गेला. जिथे ळ हवा तिथे रिकामा चौकोन छापला जाऊ लागला. कळंबोलीच्या पोटात चौकोन, शेजारच्या काळेशेठच्या नावात चौकोन. गल्लीभर हसाहस झाली. "शेठ, ळ काय उधारीवर दिला का?" हे ऐकून, खरं सांगतो, मलाही मनातून गुदगुल्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळू ड्रायव्हर गाळ्यावर आला. मी तिथे चहा पीत बसलो होतो. बाळू आदल्या दिवशी पाइप घेऊन साताऱ्याला निघाला होता. माल उतरवून तो तसाच पुढे घरी जाणार होता. तो बसला नाही.

"शेठ, चलनावर कळंबोलीचं नाव धड न्हाई, माझं न्हाई. तपासणी नाक्यावरचा सायब म्हनला, कागद बनावट हाय. रातभर गाडी तिथंच लावून घेतली. सकाळी पोरीचा साखरपुडा हुता." चलन टेबलावर ठेवून म्हणाला, "झाला. मी नव्हतो."

बाळू गेल्यावर साडूभाऊंनी कॉम्प्युटरवर ळ घालवणारा तो बदल उघडून माझ्यापुढे धरला. "पावणं, जगानं केलेला बदल मी ओळ न् ओळ वाचतो. ह्यो माझ्या हातचा. म्हटलं, आपणच केलंय, त्यात काय बघायचं?"

त्यांनी बसल्या जागी दुरुस्ती केली. नव्या अपडेटबरोबर जी टीप जगभर वाचली जाते, तीत स्वतःच्या नावाने लिहिलं, "ळ माझ्यामुळे गेला. मी तपासलं नव्हतं." मग गाळ्या-गाळ्यावर हात जोडत फिरले. मी बरोबर होतो. "जाऊ द्या शेठ, एका अक्षराचं काय एवढं," असं कुणी म्हटलं की त्यांचे कान लाल व्हायचे. लोक हसले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

पुढच्या खेपेला बाळू माल भरायला आला तेव्हाही मी होतो. साडूभाऊंनी स्वतः चहा आणून त्याच्या हातात दिला, पण नजर काही वर उचलली नाही. बाळूने मोबाइल काढला. "बघा शेठ, पोरीचा साखरपुडा." तो एकेक फोटो सरकवत सांगू लागला, ही पोरगी, हे जावई, ही माझी आई. साडूभाऊ प्रत्येक फोटो हातात धरून बघत होते, प्रत्येकाचं नाव विचारत होते. फोटो संपले. बाळू एकाही फोटोत नव्हता.

साडूभाऊंच्या हातात मोबाइल तसाच राहिला. बाळूने तो हळूच काढून खिशात टाकला.

"दिवाळीनंतर लगीन हाय. या शेठ," तो म्हणाला. "मला वळखाल, फेट्यात आसंन."

साडूभाऊंनी मान हलवली. मग कपबशी विसळायचं निमित्त करून ते मोरीपाशी गेले, आणि पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.