वाजली नाही ती सम

नारळाचं पाणी गरम रबरावर वाळलं की त्याला आंबूस-गोड वास येतो, हे ज्ञान मला पंचावन्नी उलटल्यावर लालबागेत प्राप्त झालं, आणि तेव्हापासून स्वयंपाकघरात नारळ फोडला तरी माझं मन भाजीतून उठून त्या सभागृहात जाऊन बसतं. श्रावणातला रविवार होता. वरच्या झरोक्यांतून दुपारचं ऊन तिरपं उतरत होतं, शेजारच्या मूर्तिशाळेतून रंगाचा आणि ओल्या मातीचा दर्प येत होता, आणि गणपती जवळ आल्यावर या भागाच्या अंगात जी एक अकारण लगबग संचारते, ती खुर्च्या सरकवण्यातसुद्धा ऐकू येत होती. मंडळाने ऑक्टोपॅडच्या एकल वादनाची स्पर्धा ठेवली होती आणि परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं.

मला का, हा प्रश्न मी त्यांनाही विचारला होता. मी गिरगावात तबला शिकवते. माझ्या बोटांना शाईची आणि चामड्याची सवय. पाऊस पडला की डग्गा रुसतो, हवा कोरडी झाली की तबला चढतो, वाद्यालाही आपल्यासारखी प्रकृती असते, अशा समजुतीत माझं आयुष्य गेलं. ऑक्टोपॅड म्हणजे स्टँडवर ठेवलेली एक पेटी, तिच्यावर रबराचे आठ चौकोन आणि खाली पायाने दाबायचं पेडल. काठी मारावी तो आवाज निघतो, ढोलकीचा म्हणा, संबळीचा म्हणा, काच फुटल्याचा म्हणा. या वाद्याबद्दल माझं मत चांगलं नव्हतं, आणि वाईट मत बाळगण्यात जो एक सात्त्विक आनंद असतो तो मी बरीच वर्षं उपभोगत आले होते. पण दुसरे परीक्षक बाळादादा, मिरवणुकांत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीत हयात घालवलेले परळचे गृहस्थ, फोनवर म्हणाले, "बाई, तुम्ही या. आमची पोरं हात लई पळवतात, पण वाजवतात कोण ते तुम्ही सांगा." स्तुती कुणाला नको असते? मी गेले.

गुण द्यायला दोन रकाने होते, तयारी आणि कल्पकता. हे दोन वेगळे करणं मला तांदळातले खडे वेचण्याइतकं सोपं वाटलं होतं. हाताचा वेग, काठ्यांची भिरभिर, दमसास ही तयारी. आणि या सगळ्यापलीकडे, जिथे वादक क्षणभर स्वतःलाही न कळलेलं काही सांगून जातो, ती कल्पकता. विद्यार्थ्यांना मी हे इतक्यांदा समजावलं आहे की त्यात काही शंका असू शकते हेच विसरून गेले होते.

प्राथमिक फेरी संपून दोघं उरले तेव्हा चार वाजत आले असावेत. अंतिम फेरीआधी वाद्याची पूजा करायची, हा तिथला रिवाज. मंडळाच्या एका वयस्कर काकांनी ऑक्टोपॅडला हळदकुंकू वाहिलं, स्टँडच्या पायाशी दगड ठेवून नारळ वाढवला आणि त्याचं पाणी ओंजळीत घेऊन वाद्याच्या चारी बाजूंना भक्तिभावाने शिंपडलं. विजेवर चालणाऱ्या यंत्रावर पाणी शिंपडताना कुणाचीही भुवई उंचावली नाही, माझीही नाही. उलट मला ते फार आवडलं. निदान इतक्यापुरतं तरी ते वाद्य आमच्यातलं झालं असं वाटलं.

पहिला आला रोहन. केसांची पुढची बट सोनेरी, अंगात चकाकणारं जाकीट, आणि स्वतःचं पेडल बरोबर आणलेलं, कारण दुसऱ्याच्या पेडलवर म्हणे त्याचा पाय बसत नाही. त्याने मंडळाचं पेडल काढून बाजूला सरकवलं, आपलं जोडलं आणि मग खिशातून काळा रुमाल काढून डोळ्यांना बांधला. सभागृहात शिट्ट्या झाल्या. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. वादन मात्र जबरदस्त होतं. काठ्या दिसेनाशा होईपर्यंत वेग, त्यात मध्येच कोपराने एक ठोका, पाठीमागून एक, आणि इतकं होऊनही लय तसूभर ढळली नाही. तयारीच्या रकान्यात मी जवळजवळ पूर्ण गुण दिले. कल्पकतेच्या रकान्यात, रुमालाचा राग धरून, हात आखडता घेतला. सर्कस ती सर्कस.

मग प्राची आली. विशीची, सडपातळ, कॉलेजला जावं तशा साध्या कुर्त्यात. परळच्या चाळीत राहणारी, एवढंच बाळादादांनी कानात सांगितलं. तिच्यासाठी मंडळाचं पेडल पुन्हा जोडण्यात आलं. तिने वाद्याला नमस्कार केला आणि भजनाच्या संथ ठेक्याने सुरुवात केली. त्यातून हळूच कोकणातल्या जाखडी नाचाची चाल डोकावली, आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी, ठेका फिरून आपल्या घरी येतो त्या समेवर, पायाचा एकच घनगंभीर ठोका पडू लागला. लय चढत गेली. काठ्या जवळ जवळ येत गेल्या. आणि एका आवर्तनाला सगळं वादन उसळून समेवर आलं, आणि समेवर काहीच वाजलं नाही.

ती शांतता मला अजून सांगता येत नाही. भरल्या घरात शिरावं आणि तिथे कुणीच नसावं, तसं काहीसं झालं. पुढचं आवर्तन आलं, पुन्हा समेवर पोकळी. आणि त्या पोकळीत, सभागृहाच्या मागच्या बाजूने, एकच टाळी पडली. नेमकी, जिथे पडायला हवी तिथे. तिसऱ्या वेळी दहा-बारा हात होते. मग सगळं सभागृहच समेवर येऊ लागलं. प्राची ठेका रचत नेई, उंबऱ्यापाशी आणून सोडी, आणि शंभर हात दार उघडत. मला भरून आलं, हे मी लपवत नाही. इतकी वर्षं मी विद्यार्थ्यांना सांगत आले की सम दाखवायची असते, ठणकावायची नसते. आणि इथे एक पोरगी सम चक्क रिकामी ठेवून ती लोकांच्या ओंजळीत देत होती. कल्पकतेच्या रकान्यात मी दहापैकी दहा लिहिले आणि खाली रेघ ओढली.

वादन संपलं, टाळ्या थांबेनात, आणि प्राची तरातरा आमच्या टेबलापाशी आली. चेहरा उतरलेला.

"मॅडम, बेस गेला होता. पेडल मध्येच बंद पडलं. मला परत वाजवायचंय."

बाळादादा वाकले, पेडल उचलून त्यांनी हुंगलं आणि माझ्यापुढे धरलं. आंबूस-गोड वास. नारळाचं पाणी आत शिरून वाळत, चिकटत गेलं होतं. नियम स्पष्ट होता: यंत्रात बिघाड झाल्यास पुन्हा संधी मिळेल, मात्र पहिलं वादन धरलं जाणार नाही. रोहनने कुणी न सांगता आपलं पेडल आणून दिलं. आता पुढे जायला काही अडचण नव्हती, आणि नेमकं तेव्हाच, परीक्षकाने विचारू नये तो प्रश्न माझ्या तोंडून निसटला.

"परत वाजवायलाच हवं का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होतं. "म्हणजे? अख्खा बेस नव्हता, मॅडम. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

काय सांगणार होते मी तिला? की तुझ्या वादनात जे नव्हतं तेच मला सर्वांत जास्त ऐकू आलं? की तू घाबरून पाय आपटत होतीस आणि मी वर बसून डोळे टिपत होते? आणि माझा प्रश्न तिच्यासाठी किती महागडा होता ते तिच्या पुढच्याच वाक्याने कळलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "घरी सांगून आलेय मी. आज पहिला नंबर आला तर बेंजो पार्टीत मेन वाजवायला घेणार आहेत. नाहीतर मामाने लोअर परळच्या ऑफिसात सांगून ठेवलंय, उद्यापासून जायचंय. मग सकाळी निघायचं, रात्री यायचं, वाजवणार कधी?"

जिचं सगळं एका ठोक्यावर टांगलेलं आहे, तिला तो ठोका नसण्यातलं सौंदर्य कोणत्या तोंडाने समजावायचं? मी होकाराची मान हलवली. बाळादादांनी माइकवर जाहीर केलं.

पेडल जोडेपर्यंत रोहन आमच्या टेबलाजवळ उभा होता. डोळे कशासाठी बांधतोस, असं मी त्याला जरा खवचटपणेच विचारलं. तो लाजला. "समोरचे चेहरे दिसले की हात थांबतात माझे. बांधले की बरं वाटतं." एवढंच. मी माझ्या कागदाकडे पाहिलं. त्याच्या कल्पकतेचे कापलेले गुण तिथे होते, आणि ते मी वाढवावेत की तसेच ठेवावेत हे मला कळेना. भित्र्या माणसाचा रुमाल ही कल्पकता असते का? मग चिकटलेलं पेडल ही का नसावी?

प्राचीने दुसऱ्यांदा वाजवलं. तोच ठेका, तीच जाखडीची चाल, तीच चढती लय. आता समेवर पायाचा ठोका असा पडत होता की खुर्चीच्या पाठीतून तो अंगात शिरावा. निर्दोष होतं. तिने जे बसवलं होतं ते हेच होतं, आणि मन लावून, महिनोन् महिने घासून बसवलेलं होतं, हे ऐकणाऱ्याला कळत होतं. ती मघाची जागा आली तेव्हा लोकांचे हात आपसूक वर आले आणि टाळ्या ठोक्यावरच आपटल्या. प्राचीच्या कपाळाला आठी पडली. तिने मान झटकली, पाय आणखी जोरात दाबला आणि त्या टाळ्या आपल्या बेसखाली बुडवून टाकल्या. पुढच्या आवर्तनापासून लोक गप्प बसून ऐकू लागले.

मी प्रामाणिकपणे गुण दिले. प्रामाणिकपणे म्हणजे काय, हे त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर मी कागद त्याच्याच हातात दिला असता. पहिल्या वादनावरचे दहा मी खोडले आणि दुसऱ्याचे लिहिले. चांगले होते, पण दहा नव्हते. बाळादादांची आणि माझी बेरीज झाली. रोहन थोडक्यात पहिला आला. प्राचीने त्याचं अभिनंदन केलं, त्याचं पेडल नीट पुसून परत दिलं आणि ती आपल्या काठ्या आवरायला लागली. रडली नाही. रडली असती तर मला निदान तिच्या पाठीवर हात ठेवता आला असता.

मी चपला शोधत दारापाशी आले तेव्हा एक बाई मला अडवून उभ्या राहिल्या. नऊवारीचा काळ उलटून साधी पाचवारी नेसलेल्या, हातात प्राचीची पिशवी. तिची आई. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता.

"बाई, रागावू नका. ती पयली टाळी मी मारलंय."

मला अर्थ लागेना. मग त्यांनी सांगितलं. चाळीत शेजारी ओरडतात म्हणून पोरगी घरी कानाला हेडफोन लावून वाजवते. सगळे आवाज तिच्या एकटीच्या कानात. "आमका खंय आयकाक येता? नुसती रबराची टकटक, आनि तिच्या पायाचो दणको. मी भाकऱ्यो थापतंय तवा तो दणको आयकान आयकान माज्या हाताक सवय झाली. हय तिचो पाय पडलो आनि आवाज येवक नाय. माका रवाक नाय, म्हणान मी टाळी मारलंय." त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. "माज्यामुळा गोंधळ झालो काय वो? माज्यामुळा नंबर गेलो काय तिचो?"

म्हणजे मला जी प्राचीची प्रतिभा वाटली ती नारळाची चूक होती, आणि जी लोकांची उत्स्फूर्तता वाटली ती एका आईने, न राहवून, पोरीच्या रिकाम्या ठोक्याखाली घाईघाईने धरलेला हात होता. मग त्या वादनात सुंदर होतं ते नेमकं कुणाचं? ज्यांनी ते घडवलं त्यांना ते घडवायचं नव्हतं. ज्यांना ते आवडलं त्यांना ते कळलं नव्हतं. आणि मी, जिला बोलावलंच होतं कोण वाजवतंय ते सांगायला, मी ते खोडून टाकलं होतं.

"नाही हो," मी म्हणाले, "तुमच्यामुळे काहीच गेलं नाही." याहून जास्त काही बोलायला हवं होतं, पण तेवढ्यात हातात काठ्या घेऊन प्राची आली, "चल गो आये" म्हणाली, आणि दोघी मूर्तिशाळेच्या कडेने निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा क्लास होता. तीन विद्यार्थी तबल्यावर एक कायदा घोटत होते, तयारी उत्तम, सम ठणठणीत. का कोण जाणे, मी त्यांना म्हटलं, समेवर हात उचला, वाजवू नका. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण आज्ञाधारक मुलं, तसं केलं. आवर्तन फिरून आलं, सम रिकामी गेली. पुन्हा आलं, पुन्हा रिकामी. खिडकीतून ऊन आत येत होतं, गल्लीत भाजीवाल्याची गाडी थांबली होती. "ताई, किती वेळ?" एकाने विचारलं. मी त्याला वाजवत राहायला सांगितलं आणि कुठून तरी एक हात येईल म्हणून कान देऊन बसले. नऊ वाजून गेले होते, सोमवार होता, आणि प्राची एव्हाना ऑफिसात पोहोचली असणार.