हॉलमधली थ्री-नॉट-थ्री

माझा नवरा खोटं बोलत नाही. गावातले लोक हे कौतुकाने सांगतात. त्यांचं काय जातंय, त्यांना कुठे त्याच्यासोबत संसार करायचाय! लग्नाच्या दिवशी मी विचारलं, "कशी दिसतेय रे?" तर म्हणाला, "उजवी बाही लांब झालीय." होती थोडी लांब. पण म्हणून बोलायचं?

लिंडसे ट्रेम्बाथ त्याचं नाव. लिथगोच्या बंदुकांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून याचा जन्म गेला. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या वयाची सगळी पोरं लढायला गेली, याला मात्र कारखान्याने सोडलं नाही. नळी उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटायचा आणि पास नाहीतर बाद म्हणायचं, हेच त्याचं युद्ध. रिटायर झाला तरी खोड गेली नाही. पंचक्रोशीत कुणाकडे जुनी लष्करी रायफल निघाली की ती आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येते. "आजोबांनी पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला वापरली होती," असं छाती फुगवून सांगत माणूस येतो. "ही तेव्हा बनलीच नव्हती," असं ऐकून तोंड पाडून जातो. आणि आमचा हा हात धुऊन जेवायला बसतो.

माझा धाकटा भाऊ नेव्हिल बेचाळीस साली न्यू गिनीच्या जंगलात गेला. प्रेत मिळालं नाही. घड्याळ नाही, टोपी नाही, काही म्हणजे काही परत आलं नाही. शिवाय गावच्या हॉलमध्ये युद्धावर गेलेल्यांचा फलक आहे, त्यावर त्याचं नावही नाही. का, तर तो ऊसतोडीला दुसऱ्या राज्यात, क्वीन्सलंडला गेला होता आणि तिकडेच भरती झाला. फलक इथून भरती झालेल्यांचा. आईने किती खेटे घातले! हॉलच्या कमिटीचा अध्यक्ष क्लॅरी बाउडेन दर वेळी तिला चहा पाजायचा आणि म्हणायचा, "किन्सेलाबाई, नियम आहे हो, मी काय करू?" जळ्ळा मेला तो नियम.

युद्धानंतर सरकारने उरलेल्या रायफली विकायला काढल्या. माझे वडील रायफल क्लबात होते, ते एक घेऊन आले. काही महिन्यांनी आई आम्हाला तिचा लाकडी दस्ता दाखवत म्हणाली, "बघा, ही तर आपल्या नेव्हची निघाली!" दस्त्यावर एन. के. कोरलेलं. वडिलांनी एकदा अक्षरांकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि बाहेर लाकडं फोडायला गेले. पुढे मरेपर्यंत त्या विषयावर ते बोलले नाहीत. आई मात्र दर रविवारी चर्चमधून आली की दस्त्याला जवसाचं तेल चोळायची.

मग पोलिसांनी सांगितलं, एकट्या म्हाताऱ्या बाईच्या घरी रायफल ठेवता येणार नाही. आईने ठरवलं, हॉलला देऊन टाकायची. भिंतीवर लागेल, खाली पितळी पट्टी बसेल: नेव्हिल किन्सेलाची रायफल. फलकावर नाही तर नाही, त्या भिंतीवर तर नाव येईल! क्लॅरीही खूश झाला. म्हणाला, "फक्त लिंडसेने एकदा बघून 'त्याचीच' म्हणावं, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको."

त्या सकाळी मी ह्याच्या हातापाया पडले. "एवढं एकदाच हो म्हण. तुझं काय जाणार आहे?"

"आधी बघू तर दे, डल्सी."

हॉलमध्ये कमिटी जमली. आई ठेवणीतली हॅट घालून पहिल्या खुर्चीवर बसली होती. ह्याने चादर पसरली, रायफल खोलली. नळीतून बघितलं. गोळी आत ढकलणाऱ्या बोल्टच्या तोंडावर बोट फिरवलं. सगळ्या भागांवरचे नंबर ताडून पाहिले. पुढचं लाकूड काढून नळीखाली नख खरवडलं, तर पिवळं, घट्ट ग्रीस निघालं.

"इतकी चांगली रायफल मी कारखान्याबाहेर कधी पाहिली नाही," तो म्हणाला. आई हसली.

"मग नेव्हचीच ना?" क्लॅरीने विचारलं.

"नाही. ही कुणाचीच नाही. चाचणीच्या गोळ्या सोडल्या तर ही झाडलेलीच नाही. कारखान्यातलं ग्रीस अजून आत आहे. खोक्यात पडून राहिली आणि तशीच विकली गेली." मग त्याने दस्ता उजेडात तिरका धरला. "आणि ही अक्षरं मागाहूनची आहेत. सरकारी बंदुकीवर नाव कोरलं असतं तर शिपायाला शिक्षा झाली असती. हे घरातल्या सुरीचं काम आहे."

आई उठली.

"बटाटे सोलायच्या सुरीचं," ती म्हणाली. "मीच कोरलंय. माझ्या हातात त्याचं काही नव्हतं रे, लिंडसे. तुझ्या सासऱ्यांना त्याच दिवशी कळलं होतं. पण ते गप्प बसले. माणूस होते ते."

"आई, मला विचारलं म्हणून मी..."

"हो बाबा. तुला विचारलं."

ती निघून गेली, रायफल तिथेच टाकून. मला वाटलं, आता कमिटीला लाज वाटेल. कसली लाज! युद्धावर न गेलेली, कोरी करकरीत रायफल, असा नग जिल्ह्यात नाही म्हणे. क्लॅरी म्हणाला, "फक्त ती अक्षरं शोभा घालवतात. लिंडसे, दुसरा दस्ता बसवशील का?" आणि ह्याने बसवला! नीट, एक केस आत जाणार नाही असा. मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो म्हणाला, "मी खोटं काय बोललो ते सांग." काय सांगू, कपाळ माझं?

काढलेला दस्ता तो आईकडे घेऊन गेला. तिने दारातच हात पुढे केला, दस्ता घेतला आणि दार लावून घेतलं. त्याला आत ये म्हणाली नाही, ते आजतागायत. आता रविवारी मी जाते तेव्हा ती मांडीवर नुसतं ते लाकूड घेऊन तेल चोळत असते. हॉलची पायरी पुन्हा चढली नाही.

यंदा ॲन्झॅक डेला, युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनी, पहाटेची प्रार्थना झाली आणि सगळे हॉलमध्ये रम घातलेला चहा प्यायला जमले. शाळेत नवीन आलेली बाई भिंतीवरची रायफल बघत होती. खालच्या पितळी पट्टीवर फक्त साल आणि 'लिथगो'. तिने सहज विचारलं, "ही कुणाची हो?"

"नेव्हिल किन्सेलाची," मी म्हणाले. मोठ्यांदा म्हणाले, क्लॅरीला ऐकू जाईल असं. इतक्या वर्षांत माझ्या भावाचं नाव त्या हॉलमध्ये मान वर करून पहिल्यांदा कुणीतरी घेतलं होतं.

ती बाई मान झुकवून उभी राहिली. तेवढ्यात माझ्या नवऱ्याने हातातला कप टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "नाही बाई. ही कुणाचीच नाही."