थांबलेला टायमर

धुळ्यात देवपूरला सादिया एकटी राहते. पुढच्या खोलीत तिचे वडील नूर महंमद मोटारींचं वायंडिंग करायचे आणि शेजारच्या टेबलावर ती पंपांचे टायमर बनवायची. वडील गेले, भाऊ आकिब मस्कतला स्थिरावला. आता दिवस दिवस तिचं बोलणं म्हणजे गिऱ्हाइकांशी फोनवर, तेवढंच.

चोपड्याच्या गिरधर नानांच्या रोपवाटिकेत तिचा टायमर होता. केळीच्या कोवळ्या रोपांवर काही सेकंद तुषार सोडायचे, मग पंप बंद करायचा. तो वर्षभर बिनतक्रार चालला. या उन्हाळ्यात नानांनी सोलर आणि बॅटरी बसवली आणि नवरा-बायको चार दिवस लग्नाला गेले. परत आले तर पंप सुरूच होता. अर्धी रोपं पाण्यात बसली होती.

नानांचा फोन आला तशी सादिया पहिल्या बसने गेली. लॅपटॉप जोडून पाहिलं, तर चिप चालू होती, पण वेळेचा आकडा जागचा हलत नव्हता, म्हणून पंप बंद व्हायची वेळ येतच नव्हती. तिने वेळ दशांशात ठेवली होती. दर ठोक्याला सेकंदाचा शंभरावा भाग मिळवायचा. त्या छोट्या चिपच्या आकड्यात मोजकेच अंक मावत. तीन दिवसांत बेरीज इतकी मोठी व्हायची की मिळवलेला शंभरावा भाग गळून पडायचा. आधी रोज लाइट जायची, मोजणी शून्यापासून सुरू व्हायची, म्हणून चूक कधी दिसलीच नाही. आता बॅटरीमुळे मोजणी तुटतच नव्हती.

नानांच्या बायको धुरपदाबाई कुजलेली रोपं टोपलीत भरत होत्या. सादियाने नानांना सरळ सांगितलं, "नाना, चूक माझीच आहे."

नानांनी पाण्यात बसलेलं एक रोप उपटून बाजूला टाकलं. "चूक सापडनी ना? मंग आत्तेच नीट कर," म्हणाले आणि विहिरीकडे निघून गेले.

तिने दशांश काढून टाकला. आता चिप नुसते ठोके मोजणार, पूर्णांकात. तीन दिवस थांबायला नको म्हणून तिने मोजणी मुद्दाम मोठ्या आकड्यापासून सुरू केली. तुषार सुटले, थांबले. पुन्हा सुटले, थांबले. ती हसली आणि तिने आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. आकिबला फोन लावला.

"आपा, ड्यूटीवर आहे. संध्याकाळी बोलतो."

चहा देताना धुरपदाबाईंनी विचारलं, "तुना घर कोन कोन शे?"

"मीच, अक्का."

संध्याकाळी ती घरी पोचल्यावर आकिबचा फोन आला. देवपूरचं घर भाड्याने देऊन तूही इकडे ये, असं तो बराच वेळ समजावत होता. टायमरचा विषय तिने काढला नाही. फोन ठेवून ती दुसऱ्या दिवशीची पिशवी भरू लागली. पहूरच्या एका शेतातही तिने तसलाच टायमर बसवला होता.