विलायतेत केलेली एकच घरभेट

रोह्याच्या शाळेतून निवृत्त होईपर्यंत मी नव्या शिक्षकांना सांगत आलो, की विलायतेत शिकून आणलेल्या माझ्या पद्धतीने कुठलंही पोर आठवड्यात पाढे शिकतं. बिचाऱ्यांनी माझ्या शब्दावर पुठ्ठ्याचे आकडे कापून कापून बोटं सोलून घेतली. आता माझी ऐंशी उलटली आहे. त्यांच्यातले काही अजून रस्त्यात वाकून नमस्कार करतात, तेव्हा मला खाली बघावंसं वाटतं. म्हणून खरं काय ते लिहून टाकतो.

तरुणपणी शिष्यवृत्तीवर मी इंग्लंडमधल्या एका लहान गावी शिक्षकाचं शिक्षण घ्यायला गेलो. निघताना पेणच्या एसटी स्टँडवर आईने बजावलं होतं, "कुणी जेवाया बोलावलं तर पयल्यांदा नायच म्हण. हावरट म्हणतील. दुसऱ्यांदा इचारलं का मग बस."

तिथे सरावासाठी मला एका शाळेतला वर्ग मिळाला. शेवटी परीक्षक येऊन पाठ बघणार. त्यात नापास झालो तर हात हलवत घरी. वर्ग तसा ठीक होता. एका पोराला मात्र सातचा पाढा येईना. सात चोकच्या पुढे तो मी कापलेल्या पुठ्ठ्याच्या आकड्यांनीही हलेना. परीक्षक नेमका त्यालाच उठवणार, याची मला खात्री होती.

रोह्याला अशा वेळी मास्तर संध्याकाळी पोराच्या घरी जातो. मीही गेलो. पुढचं दार बंद होतं, म्हणून मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात शिरलो. बाप गरम पाण्याच्या टपात पाय सोडून बसला होता, आई मासे तळत होती. मी मुलाचा मास्तर, असं म्हटल्यावर तिच्या हातातला झाराच पडला.

"काय झालं त्याला?"

"पाढा येत नाही."

"एवढंच?" बाप म्हणाला.

मुलगा तर समोर टेबलाशीच बसलेला. मी खुर्ची ओढून बसलो. ते माझ्या उठण्याची वाट बघत होते, मी चहाची. बऱ्याच वेळाने बाईंनी विचारलं, "तुम्ही जेवणार का?"

"नको, नको."

"बरं," त्या म्हणाल्या. बरं! पुन्हा विचारायची पद्धतच नाही! आणि त्यांनी दुसऱ्यांदा विचारण्याआधी उठलो तर घराचा अपमान. मी बसून राहिलो. मासे निवले. टपातलं पाणीही निवलं असावं, कारण बापाने पाय वर घेतले.

शेवटी बाईंनी मुलाची माशांची बशी उचलून माझ्यापुढे ठेवली. हाच तो आग्रह, असं समजून मी ती साफ केली. पोराने पाव-लोणी खाल्लं. निघताना मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "तुला पाढा येईपर्यंत मी रोज येईन."

सकाळी हेडमास्तरांनी बोलावलं. "त्या पोराची आई येऊन गेली." "विचारत होती, तुम्ही राहता तिथे तुम्हाला पोटभर जेवायला घालतात ना?"

त्याच दुपारी परीक्षक आले आणि त्यांनी त्यालाच उठवलं. पोराने सातचा पाढा एका दमात म्हटला. कुणी विचारलं नव्हतं तरी आठचाही म्हटला.

"हे कसं साधलंत?" परीक्षकांनी विचारलं. मी पुठ्ठ्यांकडे बोट दाखवलं. ते खूश होऊन लिहू लागले, तेवढ्यात पोराने माझी बाही ओढली.

"सर, आज नाही ना येणार?"