हिल्डामामीची जागा

फोन आला तेव्हा मी ड्युसेलडॉर्फच्या ऑफिसात बसून एका गिऱ्हाइकाला आमच्या कंपनीचे पाण्याचे पंप किती उत्तम आहेत ते पटवत होतो. हनोखमामाने आधी जर्मनमध्ये माझं पूर्ण नाव विचारलं, मी मीच असल्याची खात्री करून घेतली आणि मग मराठीत म्हणाला, "दानू, हिल्डा गेली. सकाळी, खुर्चीतच." मग म्हणाला, "आपल्या लोकांच्या दफनभूमीत तिला जागा देतात का, तेवढं विचारून ये. माझ्याच्याने विचारवत नाही." या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

आमच्या घराण्यात अवघड निरोप पोचवण्याचं खातं माझ्याकडे आहे. हुशारीमुळे नव्हे, मला नाही म्हणता येत नाही म्हणून. आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. दहाएक वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी इकडे निघालो तेव्हा आजीने ट्रंकेत पोह्यांची पुरचुंडी ठेवली आणि मामासाठी एक पत्र. मामा माझ्याआधीच इथे प्रबंध लिहायला आला होता आणि त्याने जर्मन बाईशी लग्न केलं होतं. युद्ध संपून तेव्हा जेमतेम दहा वर्षं झालेली. या देशात आमच्या धर्माच्या माणसांचं काय झालं ते अलिबागलाही ठाऊक होतं. "जगात दुसरी बाई नव्हती?" एवढंच आजी मला म्हणाली. बाकीचं पत्रात होतं.

मामाच्या प्रबंधाचा विषय ऐकून हसावं की रडावं मला कळेना. बॅबिलोनच्या हद्दपारीतून जेरुसलेमला परतलेल्या आमच्या पूर्वजांनी परक्या बायका केल्या होत्या. एका शास्त्रीबुवांनी सगळ्यांना भर पावसात चौकात बसवून, त्या बायका सोडून द्यायचं कबूल करायला लावलं. त्या पुरुषांची नावनिशीवार यादी धर्मग्रंथात आहे. मामा त्या यादीवर लिहीत होता, आणि ते लिखाण टाइप करत होती मामी!

जेवणाच्या टेबलावरच मामाने पत्र वाचलं आणि घडी घातली. "आई काय म्हणते?" मामीने विचारलं. मी सूपमध्ये तोंड घातलं. मामा काहीतरी खोटं सांगेल अशी मला आशा होती. मी असतो तर नक्की सांगितलं असतं. तो म्हणाला, "म्हणते, तुला सोडून घरी ये." मामीची पळी हवेत थांबली. "माझी आईही असंच म्हणाली होती," ती म्हणाली, "आधी सूप संपव. निवतंय."

पुढे मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला. शुभ प्रसंगी आम्ही एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतो : भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं. आजीचे पोहे संपल्यावर मामीने बिनदिक्कत ओटच्या पाकळ्या भिजवल्या. त्यांची झाली खळ. मामाने गंभीरपणे त्या खळीवर सगळी प्रार्थना म्हटली आणि आम्ही तो मलिदा प्यालो. "बिघडला ना?" मामीने विचारलं. "पुढच्या वेळी पाणी कमी," मामा म्हणाला. "नबी काही बोलायचे नाहीत. रानात त्यांनी काय काय खाल्लंय!"

त्या घरात डुकराचं मांस कधी आलं नाही. दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी. एकदा टाइप करता करता मामीने विचारलं होतं, "पण या बायका गेल्या कुठे?" "लिहिलेलं नाही," मामा म्हणाला. "मग तसं लिही. एक ओळ." मामाने ओळ घातली, परीक्षकांनी खोडली, मामाने परत घातली.

दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायची खोड मला जन्मजात. मी एकदा म्हटलं, "मामी, सगळं पाळतेसच, मग रीतसर आमच्यातली का होत नाहीस? सगळ्यांची तोंडं बंद होतील." ती बटाटे सोलत होती. "आमच्या गल्लीतून माणसं नेली, दानिएल," ती म्हणाली. "मी पडदा बाजूला केला, पाहिलं आणि पडदा सोडला. काही लहान नव्हते मी... आता त्यांच्यातली होऊन त्यांच्याच बाकावर जाऊन बसू? फार स्वस्तात सुटेन. मी बाहेरच बरी." मी दुसरी सुरी घेऊन बटाटे सोलायला बसलो. माझ्याबाबतीत हे क्वचितच घडतं.

तर मामाचा निरोप घेऊन मी टोपी घालून आमच्या मंडळींच्या कचेरीत गेलो. तिथले म्हातारे कारभारी नाझींच्या छावणीतून जिवंत परतलेले. मामीला ते ओळखत होते. सणाला ती सिनेगॉगबाहेर मामाची वाट पाहत उभी राहायची, तेव्हा त्यांनीच कितीदा तिला खुर्ची नेऊन दिली होती. त्यांनी चष्मा काढला. "आल्झो... असं आहे, तुमच्या मामांची जागा इथे आहे. बाईंची नाही. त्या आमच्यातल्या झाल्या नाहीत."

"का झाल्या नाहीत, ते सांगू?"

"नका सांगू," ते म्हणाले. "मग मला नाही म्हणणं जड जाईल."

मामा ओव्हरकोट चढवून तयार बसला होता. माझा चेहरा पाहिला आणि समजला. म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. त्यांच्या जागी मी असतो तर हेच सांगितलं असतं." मग वाकून बुटाच्या नाड्या बांधायला लागला. "चल, शहराच्या दफनभूमीत. लागून दोन जागा मिळतात का पाहू."

"दोन?"

"तिला काय एकटीला पाठवतोस?"

आयुष्यात पहिल्यांदा मी मामाशी वाद घातला. "तिकडे तुझ्यामागे कद्दिश कोण म्हणणार? त्या प्रार्थनेला आपली दहा माणसं लागतात, ती कुठून आणू?"

"तू म्हण," मामा म्हणाला. "एकटाच. चुकत चुकत."

आम्ही तिला तिथे ठेवलं. शेजारची जागा मामाच्या नावावर आहे. म्हातारे कारभारी आले होते. फाटकाच्या आत मात्र आले नाहीत, टोपी हातात धरून... नाही, डोक्यावरच ठेवून, शेवटपर्यंत बाहेर उभे होते.

गेल्या शुक्रवारी मामाकडे गेलो. दिवस कलायला आला होता. टेबलावर पांढरं कापड, तेलाचा पेला, वात, काडेपेटी, सगळं मांडलेलं. पण शब्बाथचा दिवा लागलेला नव्हता. आमच्यात तो घरच्या बाईने लावायचा. बाई नसेल तर पुरुषाने लावावा, हे मामाला माझ्यापेक्षा शंभरपट जास्त ठाऊक. तो नुसता बसून होता. सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो, मग काडी ओढता येत नाही, म्हणून शेवटी मीच पेटी उचलली. कुणी न सांगता केलेलं माझं हे पहिलंच काम असावं. मामाने माझं मनगट धरलं.

"थांब रे," स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत तो म्हणाला, "ती आधी हात पुसते."

आम्ही थांबलो, हात पुसून होतील इतका वेळ. मग मी काडी ओढली.